यकृतातील पर्णकृमी आणि इओसिनोफिल: पेशी एवढ्या वाढतात, तरीही कृमी टिकतो कसा?

प्रश्न: जिज्ञासू_विद्यार्थिनी

नमस्कार. मी पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. काही दिवसांपूर्वी आम्हाला अभ्यासासाठी दोन मेंढ्यांचे रक्ततपासणी अहवाल देण्यात आले. ते वाचून झालेला गोंधळ पाठ्यपुस्तके उलगडूनही मिटला नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारत आहे.

पहिल्या मेंढीच्या रक्तात इओसिनोफिल पेशी एकूण श्वेतपेशींच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होत्या, परंतु तिच्या लेंड्यांत यकृतकृमीचे एकही अंडे सापडले नव्हते. दुसरीच्या लेंड्यांत अंडी भरपूर होती, हिमोग्लोबिन बरेच उतरले होते, जबड्याखाली पाणी साचून सूज आली होती. तिचे इओसिनोफिल मात्र नेहमीच्या मर्यादेच्या आतच होते. दोघींनाही फॅसिओला हेपॅटिका या पर्णकृमीचा, म्हणजे सर्वजण ज्याला लिव्हर फ्लूक म्हणतात त्याचा, संसर्ग असल्याचे पुढे निश्चित झाले.

इओसिनोफिल ही कृमींविरुद्ध लढणारी पेशी आहे, असे आम्ही पहिल्या वर्षापासून पाठ करत आलो आहोत. मग ज्या मेंढीचा आजार जुना आणि उघडपणे गंभीर आहे, तिच्यात या पेशी कमी का? शिवाय पहिल्या मेंढीत एवढ्या पेशी सज्ज असूनही कृमी यकृतापर्यंत पोहोचला आणि जगला, याचा अर्थ या पेशी त्याला मारू शकत नाहीत असा घ्यावा का? की त्या मारू शकतात, पण काहीतरी आड येते? श्वेतपेशींचा प्रतिसाद नेमका कोणत्या क्रमाने उभा राहतो, हे कोणी सविस्तर समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १: काचपट्टी

मी अनेक वर्षे रक्तपेशींच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या अहवाल वाचण्याच्या बाजूविषयी लिहितो. प्रतिकारशक्तीच्या अंतर्गत यंत्रणेविषयी येथील इतर जाणकार अधिक अधिकाराने सांगतील.

आपल्याला जे परस्परविरोधी वाटते, ते कृमीच्या प्रवासाचे वेळापत्रक समोर ठेवले की सुसंगत दिसू लागते. गवताच्या किंवा पाणवनस्पतीच्या पानावर चिकटलेला कोष पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या सुरुवातीला फुटतो, त्यातली अळी काही तासांत आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरते आणि साधारण चार ते सहा दिवसांत यकृताच्या आवरणाशी पोहोचते. त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे ती यकृताच्या मांसल भागातून अक्षरशः पोखरत फिरते. मग ती पित्तनलिकेत शिरते, तेथे प्रौढ होते आणि अंडी घालू लागते. कोष पोटात गेल्यापासून लेंड्यांत अंडी दिसेपर्यंत मेंढीत सुमारे दहा ते बारा आठवडे जातात. आपली पहिली मेंढी बहुधा या मधल्या काळात होती. अळ्या ऊती फाडत असल्यामुळे इओसिनोफिल भराभर वाढले होते, पण अंडी घालण्याएवढा प्रौढ कृमी अद्याप तयारच झाला नव्हता. दुसऱ्या मेंढीत कृमी पित्तनलिकेत स्थिरावून बराच काळ लोटला असावा. पित्तनलिकेची पोकळी एका अर्थाने शरीराबाहेरचीच जागा आहे, आणि तेथे बसलेल्या कृमीचा श्वेतपेशींशी येणारा थेट संबंध ऊतींतून फिरणाऱ्या अळीच्या मानाने पुष्कळ कमी असतो. त्यामुळे जुन्या संसर्गात इओसिनोफिल किंचित वाढलेले किंवा अगदी नेहमीएवढे आढळणे हे नवल नाही. तिचा रक्तक्षय मात्र पित्तनलिकेतल्या प्रौढ कृमींनी रोज शोषलेल्या रक्ताचा हिशेब आहे आणि सूज ही रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्याची खूण आहे. या दोन्ही गोष्टींचा इओसिनोफिलच्या संख्येशी सरळ संबंध नाही.

एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. टक्केवारी पाहून निष्कर्ष काढू नका, निरपेक्ष संख्या काढा. एकूण श्वेतपेशी प्रति मायक्रोलिटर ५,००० असताना २० टक्के इओसिनोफिल म्हणजे १,००० पेशी होतात. एकूण १६,००० असताना १० टक्के म्हणजे १,६०० होतात. टक्केवारी निम्मी आणि प्रत्यक्ष पेशी दीडपटीहून अधिक, हे अहवालावर नुसती नजर टाकून लक्षात येत नाही. दुसरे असे की, भेदरलेल्या, वेदनेत असलेल्या किंवा स्टिरॉइड दिलेल्या प्राण्याच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाच्या प्रभावामुळे इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट या श्वेतपेशी घटतात व न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या श्वेतपेशी वाढतात. खंगलेल्या जनावराला धरून, ओढून, घाबरवून रक्त घेतले असेल तर खऱ्या संख्येवर हा पडदा पडू शकतो. आणि रक्तातली संख्या म्हणजे वाटेवरची गर्दी आहे, मुक्कामाची नव्हे: इओसिनोफिल रक्तात एक दिवसही राहत नाही, तो ऊतींत उतरतो आणि तेथेच त्याचे काम चालते. काचपट्टीवर जे दिसते ते अस्थिमज्जेतून निघून यकृताकडे चाललेल्या पेशींचे क्षणचित्र असते.

न्यूट्रोफिलविषयीही दोन वाक्ये. अळ्यांनी यकृतात केलेल्या ताज्या जखमांमुळे सुरुवातीला त्यांची थोडी वाढ होते. परंतु जुन्या संसर्गात न्यूट्रोफिल अचानक वाढलेले दिसले, तर कृमीने अडवलेल्या पित्तमार्गात जीवाणूंचा शिरकाव झाला आहे का, हे तपासावे.

उत्तर २: पेशीवाचक

काचपट्टी यांनी काळाचा धागा नेमका पकडला आहे. मी परजीवींविरुद्धच्या प्रतिकारशक्तीवर संशोधन करते, त्यामुळे "पेशी मारू शकत नाहीत, की काहीतरी आड येते" या आपल्या प्रश्नाकडे वळते. माझे उत्तर असे आहे की पेशी मारू शकतात, पण त्यासाठी लागणारी वेळ, जागा आणि पकड या तिन्ही गोष्टी कृमी त्यांच्या हाती लागू देत नाही.

प्रथम आकाराचा विचार करा. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली अळी साधारण पाव मिलिमीटर लांब असते. जीवाणू गिळणाऱ्या पेशीचा व्यास १० ते १५ मायक्रोमीटर, म्हणजे अळी त्या पेशीच्या पंधरा-वीस पट लांब. तिला गिळणे कोणत्याही पेशीला शक्य नाही. म्हणून शरीराला निराळी रीत वापरावी लागते: अळीच्या पृष्ठभागावर बाहेरून चिकटायचे आणि आपल्या कणांतली विषारी द्रव्ये तेथेच रिती करायची. इओसिनोफिल याच कामासाठी घडलेला आहे. १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी इओसिन हा रंग घट्ट धरून ठेवणाऱ्या कणांवरून ही पेशी ओळखली; ते कण रंग धरतात, कारण त्यांत धनप्रभारित प्रथिने ठासून भरलेली असतात. त्यांतले मेजर बेसिक प्रोटीन कृमीच्या आवरणाला इजा करते, इओसिनोफिल कॅटायनिक प्रोटीन पटलाला छिद्रे पाडते आणि इओसिनोफिल पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने जहाल ऑक्सिडीकारक द्रव्ये तयार करते. गाईंच्या इओसिनोफिलमधून वेगळी काढलेली अशी प्रथिने काचपात्रात फॅसिओलाच्या कोवळ्या अळ्यांना मारतात, हे १९८० मध्येच दाखवले गेले आहे. शस्त्र निकामी आहे असे म्हणता येत नाही.

आता ही फौज बोलावली कशी जाते ते पाहू. अळी आतड्याची भिंत आणि पुढे यकृत फाडते तेव्हा जखमी झालेल्या पेशी आयएल-३३ सारखे (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशींमधले निरोप्या रेणू) धोक्याचे संकेत सोडतात. त्यांना प्रतिसाद म्हणून प्रथम ऊतींतल्या जन्मजात लसिकापेशी आणि नंतर टी-मदतनीस पेशींचा दुसरा प्रकार, ज्याला आपण टीएच-२ म्हणतो, कामाला लागतो. मदतनीस पेशींची टीएच-१ आणि टीएच-२ अशी विभागणी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून मांडली गेली, आणि कृमीजन्य आजार हे टीएच-२ चे सर्वांत ठळक उदाहरण ठरले. या पेशींनी सोडलेले आयएल-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिलची निर्मिती वाढवते, आयएल-४ बी-पेशींना आयजीई प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकाला चिकटणारी प्रथिने, तयार करायला लावते, आणि यकृतात इओटॅक्सिनसारखी रसायने रक्तातल्या इओसिनोफिलना जखमेच्या ठिकाणी ओढून घेतात. शेवटचा दुवा प्रतिपिंडांचा आहे. त्यांचे एक टोक अळीच्या पृष्ठभागाला धरते आणि दुसरे टोक पेशीवरच्या ग्राहीत, म्हणजे त्यासाठीच असलेल्या खोबणीत, बसते. हा पूल असेल तरच इओसिनोफिल अळीला घट्ट चिकटतो.

कृमीची खरी करामत या पुलावर आहे. त्याच्या आवरणावर शर्करायुक्त प्रथिनांचा एक थर असतो आणि तो थर कृमी सतत आतून नवा तयार करून जुना टाकून देत असतो. प्रतिपिंडे बसली, पेशी चिकटू लागल्या, की तो संपूर्ण थरच गळून पडतो. पेशींच्या हाती टाकलेली कात राहते आणि अळी पुढे सरकलेली असते. शिवाय कृमी कॅथेप्सिन-एल नावाची प्रथिने कापणारी एन्झाइमे मोठ्या प्रमाणात सोडतो. ऊती कापून वाट काढणे आणि अन्न पचवणे ही त्यांची कामे आहेतच, परंतु तीच एन्झाइमे प्रतिपिंडाचा बिजागरीसारखा लवचिक भागही कापतात. मग अळीला धरणारे टोक एकीकडे आणि पेशीला बोलावणारे टोक दुसरीकडे जाते. प्रयोगशाळेत प्रतिपिंडांच्या उपस्थितीत इओसिनोफिल कोवळ्या अळ्यांना चिकटतात, पण त्यात कॅथेप्सिन-एल मिसळले की हे चिकटणे थांबते. माझ्या मते या संपूर्ण विषयातले हे सर्वांत बोलके निरीक्षण आहे.

एवढ्यातूनही काही पेशी जवळ पोहोचल्या आणि त्यांनी ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडली, तर ती निष्प्रभ करण्यासाठी कृमीकडे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज ही एन्झाइमे असतात. यांपैकी पेरॉक्सिरेडॉक्सिन आणखी एक काम करते. मॅक्रोफेज या पेशींना दोन प्रकारची वळणे लागू शकतात: एक मारक, नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे, आणि दुसरे डागडुजीचे, आर्जिनेज तयार करून ऊती भरून काढणारे. कृमीचे पेरॉक्सिरेडॉक्सिन त्यांना दुसऱ्या वळणावर नेते. "कृमी प्रतिकारशक्तीला झोपवतो" असे वर्णन वारंवार वाचायला मिळते. मला ते अपुरे वाटते, कारण येथे पेशी जाग्या असतात, कामही करत असतात, फक्त ते काम मारण्याऐवजी जखम भरण्याचे झालेले असते. त्यात पोशिंद्या प्राण्याचाही काही लाभ आहे, हे विसरता कामा नये. यकृतात बोगदे पडत असताना मारक दाह अनिर्बंध चालू राहिला, तर कृमीपेक्षा तो दाहच अधिक घातक ठरू शकतो.

दीर्घकालीन संसर्गात दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी आणि आयएल-१० व टीजीएफ-बीटा हे दाह शमवणारे निरोप्या रेणू यांचे वर्चस्व वाढते. कृमीच्या स्रावांमुळे इओसिनोफिल स्वतःहून मृत्युमार्गाला लागतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. आपल्या दुसऱ्या मेंढीतली इओसिनोफिलची संख्या नेहमीएवढी असण्यामागे जागेतला बदल आणि हे दमन अशी दोन्ही कारणे असू शकतात.

जिज्ञासू_विद्यार्थिनी

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. काचपट्टी सरांच्या सूचनेप्रमाणे मी दोन्ही अहवालांतील निरपेक्ष संख्या काढल्या. पहिल्या मेंढीची वाढ खरी ठरली; दुसरीची संख्या मात्र टक्केवारीवरून वाटली होती तेवढी कमी नव्हती, कारण तिच्या एकूण श्वेतपेशी वाढलेल्या होत्या.

पेशीवाचक मॅडम, आपल्या उत्तरातून एक पुढचा प्रश्न उभा राहतो. हे सारे अडथळे सर्व पोशिंद्या प्राण्यांत सारखेच चालतात का? एखादा प्राणी पहिल्या संसर्गानंतर दुसऱ्यांदा आलेल्या अळ्यांना रोखू शकतो का? आणि यकृताच्या छेदात हे सर्व प्रत्यक्ष कसे दिसते?

उत्तर ३: ऊतीछेद

मी पशुविकृतिशास्त्र शिकवतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण यकृताचा छेद एकदा नीट पाहिला की वरच्या दोन्ही उत्तरांतले बरेचसे डोळ्यांसमोर उभे राहते.

संसर्गाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यातले यकृत घ्या. त्यात वेडेवाकडे, रक्ताने आणि मृत पेशींनी भरलेले बोगदे दिसतात. ताज्या बोगद्याच्या कडेला न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल जमू लागलेले असतात. थोड्या जुन्या बोगद्यात इओसिनोफिलची दाट भिंत असते, मॅक्रोफेज आणि अनेक केंद्रकांच्या महापेशी मृत ऊतींचा कचरा उचलत असतात, लिम्फोसाइट आलेले असतात. त्याहून जुन्या बोगद्यात तंतुमय व्रण तयार झालेला असतो. आता त्याच छेदात सुदैवाने कृमी सापडला तर त्याच्या भोवती पाहा. मी असे छेद विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो, कारण कृमीच्या लगत बहुतेक वेळा पेशी अगदी विरळ असतात. सारी गर्दी मागे राहिलेली असते, जेथून तो कधीच निघून गेला आहे. पेशींना एकत्र येऊन पकड घ्यायला जो अवधी लागतो, तेवढ्यात चालता कृमी पुढे गेलेला असतो. पेशीवाचक यांनी सांगितलेली टाकलेली कात आणि कापलेली प्रतिपिंडे याच मागच्या वाटेवर पडलेली असणार.

जुन्या संसर्गात चित्र पित्तनलिकांभोवती सरकते. नलिकेचे अस्तर जाड होते, भोवती तंतुमय ऊती वाढतात आणि लिम्फोसाइट व प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचे थवे जमतात. कधी कधी लसिकाग्रंथीत असतात तशी पेशींची गोलाकार केंद्रेच यकृतात तयार झालेली दिसतात. इओसिनोफिल असतात, पण मुख्य भूमिका त्यांची राहिलेली नसते.

आता प्राण्याप्राण्यांतला फरक. मेंढी या बाबतीत फार दुर्दैवी आहे. एकदा फॅसिओला हेपॅटिकाचा संसर्ग होऊन गेला तरी पुढच्या वेळी तिला उपयोगी पडेल असे संरक्षण तिच्यात तयार होत नाही, आणि कृमी तिच्या यकृतात वर्षानुवर्षे राहू शकतो. गाईत काही अंशी प्रतिरोध येतो. मात्र त्याचा मोठा वाटा श्वेतपेशींच्या थेट माऱ्याचा नसून त्यांच्या मागे राहिलेल्या परिणामांचा असतो: यकृत तंतुमय आणि पित्तनलिकांच्या भिंती चुनखडीसारख्या कठीण होतात, आणि नव्या कृमीला वाट काढणे व टिकणे अवघड जाते. उंदीरवर्गातला मोठा उंदीर, ज्याला प्रयोगशाळेत रॅट म्हणतात, तो मात्र दुसऱ्या संसर्गातल्या बहुतेक अळ्या आतड्याच्या भिंतीतच रोखतो. त्या वेळी तेथे इओसिनोफिल, मास्ट पेशी आणि आयजीई आधीपासून तयार असतात. अळी लहान आहे, वाट अरुंद आहे आणि प्रतिपिंडे आधीच हजर आहेत. इओसिनोफिलला हवी असलेली परिस्थिती ती हीच.

याहून महत्त्वाचा धडा इंडोनेशियातल्या बारीक शेपटीच्या मेंढ्यांनी दिला आहे. या मेंढ्या फॅसिओला जायगँटिका या जवळच्या जातीच्या कृमीला संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात रोखतात, पण फॅसिओला हेपॅटिकापुढे इतर मेंढ्यांसारख्याच हतबल ठरतात. त्यांच्या उदरपोकळीतून काढलेल्या मॅक्रोफेज आणि इओसिनोफिल पेशी प्रतिपिंडांच्या साथीने जायगँटिकाच्या कोवळ्या अळ्यांना काचपात्रात मारतात आणि त्यासाठी सुपरऑक्साइड हे जहाल ऑक्सिडीकारक द्रव्य वापरतात. हेपॅटिकाच्या अळ्या त्याच पेशींपुढे टिकतात, आणि सुपरऑक्साइड नष्ट करणारे एन्झाइम त्यांच्याकडे अधिक असणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. प्राणी तोच, पेशी त्याच, कृमीची जात बदलली की निकाल उलटा. लस तयार करू पाहणाऱ्यांनी कॅथेप्सिन-एल आणि अशाच इतर रेणूंना लक्ष्य का केले, ते यावरून समजते. अद्याप बाजारात वापरण्याजोगी लस आलेली नाही, ही मला मनापासून खुपणारी गोष्ट आहे.

आपण पशुवैद्य होणार आहात म्हणून एक मुद्दा जोडतो. कृमीने वळवलेल्या प्रतिकारशक्तीचा परिणाम इतर आजारांच्या तपासणीवरही होतो. गाईंच्या क्षयरोगाची त्वचा-चाचणी टीएच-१ प्रकारच्या प्रतिसादावर अवलंबून असते. इंग्लंड आणि वेल्समधील दुभत्या कळपांवरचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की यकृतकृमीचा संसर्ग असलेल्या गाईंत ही चाचणी क्षयरोग ओळखण्यात कमी पडते.

उत्तर ४: रुग्णकक्ष

मी माणसांवर उपचार करणारा वैद्य आहे, तेव्हा त्या बाजूने थोडेसे. माणसांतही हेच दोन टप्पे दिसतात. सुरुवातीला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि इओसिनोफिलची मोठी वाढ असते. नेहमीची मर्यादा प्रति मायक्रोलिटर ५०० असताना काही रुग्णांत निम्म्याहून अधिक श्वेतपेशी इओसिनोफिलच असतात. या काळात शौचाच्या तपासणीत अंडी मिळत नाहीत, कारण माणसात ती दिसायला तीन ते चार महिने लागतात. म्हणून प्रतिपिंडांची एलायझा चाचणी करावी लागते. ती न केल्यामुळे यकृतातले डाग गळू किंवा गाठ समजून रुग्णाला भलत्याच तपासण्यांतून जावे लागल्याचे मी पाहिले आहे.

क्लोनॉर्किस आणि ऑपिस्थॉर्किस हे यकृतकृमी मात्र यकृत फाडत जात नाहीत. ते लहान आतड्यातून पित्तनलिकेच्या तोंडावाटे सरळ वर चढतात. त्यामुळे त्यांच्या संसर्गात इओसिनोफिलची वाढ बहुधा सौम्य असते, आणि काचपट्टी यांनी सांगितलेला ऊतींशी येणाऱ्या संबंधाचा मुद्दा तेथेही पटतो. दीर्घकाळ चालणारा पित्तनलिकेचा दाह हा त्यांचा मोठा धोका आहे. ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिस या दोन्ही जाती माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पुरेसा असलेल्या, गटात नोंदलेल्या आहेत.

फॅसिओलावर ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध कोवळ्या आणि प्रौढ अशा दोन्ही कृमींवर चालते. औषध दिल्यानंतर इओसिनोफिल लगेच उतरले नाहीत म्हणून घाबरून पुन्हा मात्रा देऊ नये. मेलेल्या कृमींतून प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चिथावणारे घटक, बाहेर पडत असताना संख्या काही दिवस चढीही राहू शकते, आणि ती पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. मी अशा रुग्णांची निरपेक्ष संख्या पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तपासतो. ती घटत घटत येऊन पुन्हा वर चढली, तरच औषध कमी पडले की नवा संसर्ग झाला याचा शोध सुरू करतो.